सुकलाल आणि खालची चाल

अंतरपाट धरला होता. भटजींनी घसा साफ केला होता, मामा नवरीला पाटावर उभी करून घाम पुसत होता, आणि नवरीचा बाप मांडवात नव्हता.

वैशाखातली भर दुपार आणि नशिराबादचं ऊन. मांडवाला वर कापड होतं, तरी खालची माणसं भाजून निघत होती. धुळ्याचे व्याही फेट्याखाली लालेलाल झाले होते. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं विचारलं, "पोरगीना बाप कोठे शे?"

मग आमच्या भाऊबंदांपैकी एकाने उत्तर दिलं. असा एक माणूस प्रत्येक घराण्यात असतो, ज्याला गप्प बसता येत नाही. तो म्हणाला, "सुकलालनाना ना? गावाच्या खालच्या अंगाला दुसरं लग्न आहे. तिकडे बँड ऐकायला गेले."

व्याह्यांना वाटलं, चेष्टा करतोय. ती चेष्टा नव्हती हे मला पक्कं माहीत होतं.

सुकलाल माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो अर्ध्या चड्डीत होता, त्यामुळे त्याला बोलायचा हक्क मला पहिल्यापासून होता आणि तो मी वापरत आले. आमचे यजमान, म्हणजे गावाचे आबा, शेती पाहायचे. सुकलाल त्यांच्या हाताखाली असायचा. असायचा म्हणजे असायला हवा होता. लगीनसराई सुरू झाली की तो कुठे असेल ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

आता बँड ऐकायला कोणाला आवडत नाही? वरात निघाली की आम्हीसुद्धा हातातलं काम टाकून दारात येतो. पण सुकलालचं तसं नव्हतं. त्याला गाण्याशी घेणं नव्हतं, नवरदेवाशी नव्हतं, घोड्याशी नव्हतं. बँडात सगळ्यांत मोठं एक पितळी वाजंतर असतं. ते वाजवणाऱ्याच्या पोटावर बसतं आणि तोंड आभाळाकडे करतं. बँडवाले त्याला काय म्हणत असतील ते म्हणोत, आम्ही भोंगा म्हणायचो. भोंगेवाला सगळ्यांच्या मागून चालतो, त्याचे गाल फुटायला येतात आणि त्याच्याकडे कुत्रंही पाहत नाही. सुकलाल पाहायचा. त्याच्या कडेने, भोंग्याला कान लावून, गावभर चालायचा.

"वरची चाल काय, कोणीही ऐकतं, वहिनी," तो मला सांगायचा. "खालची ऐका. खालची."

"मले तर नुसतं भुं भुं ऐकू येतं."

"तेच! एका भुंपासून दुसऱ्या भुंपर्यंत तो कुठून गेला, ते पाहा. सरळ गेला का वळून गेला?"

मी अशा वेळी चुलीपुढे असायची. भुं वळून गेला की सरळ गेला हे पाहायला भाकरी थांबते का?

आणि हे सगळं तो सांगायचा ते किती बारीक आवाजात! सुकलालचा आवाज जन्माचाच पातळ. दाराआडून बोलला तर नवखा माणूस "बाई, नाना घरात आहेत का?" असं त्यालाच विचारायचा. माझं उलटं. माझा आवाज बाप्यासारखा जाड. बांधावरून गड्याला हाक मारली तर शेजारच्या मळ्यातले बैल थांबायचे. सासू म्हणायची, देवाने या दोघांचे गळे अदलाबदल केले.

दरवर्षी आमच्या मुलखात कुठे ना कुठे नवा बँड निघायचा. जुन्या बँडातली दोन माणसं भांडून बाहेर पडायची, नवे कोट शिवायची, गाडीवर नाव रंगवायची, की झाला नवा बँड. ही बातमी सुकलालला आधी कळायची. एसटीचे कंडक्टर त्याचे बातमीदार होते. गाडी थांब्यावर उभी राहिली की कंडक्टर खिडकीतून ओरडायचा, "नाना, पाचोऱ्याला नवा निघाला!" झालं. हा जेवता जेवता उठायचा.

एकदा केळी कापायला माणसं आली होती, ट्रक बांधाला लागला होता, आणि हा चपला घालून निघाला.

"कुठी?" मी विचारलं.

"पाचोऱ्याला. त्यांचा भोंगेवाला फार छान उतरतो म्हणे."

"विहिरीत उतरतो का?"

"सुरात, वहिनी."

"अन् ट्रक कोण भरणार?"

"आबा आहेत ना," असं म्हणून तो गेलासुद्धा. आबा संध्याकाळी केळीच्या चिकाने काळे पडलेले हात घेऊन ओट्यावर त्याची वाट पाहत बसले. तो आल्यावर एवढंच म्हणाले, "या भोंग्याले एक दिवस विहिरीत टाकतो, अन् त्याच्यामागे तुले." सुकलाल म्हणाला, "आबा, तो खरंच उतरतो." आबा उठून देवघरात गेले. देवाला काय सांगितलं ते मला माहीत नाही.

परक्या लग्नात शिरायची त्याला लाज नव्हती. नवरदेवाकडच्यांना वाटायचं हा नवरीकडचा, नवरीकडच्यांना वाटायचं हा नवरदेवाकडचा. पोशाख नीटनेटका, चेहरा गंभीर, त्यामुळे कुठे कुठे मानाचा टॉवेल-टोपीही पदरात पडायची. मी विचारायची, "कोणाचं लग्न होतं?" तर म्हणायचा, "नाव विचारायचं राहिलं." भोंगा कसा होता ते मात्र न विचारता सांगायचा, आणि सांगून थांबायचा नाही.

शेजारच्या गावात एक म्हातारबुवा वारले, नातवंडं-पतवंडं पाहून. घरच्यांनी बँड लावून नेलं त्यांना. सुकलाल भोंग्याच्या नादात मयतीत चालू लागला. भोंगेवाला तिरडीच्या लगेच पुढे होता, म्हणून त्याच्याजवळ राहता यावं यासाठी याने खांदाही दिला. डोळे मिटलेले, मान हलतेय. त्या घरच्या लेकांना वाटलं, आपल्या बापाचा हा केवढा जिव्हाळ्याचा माणूस! त्यांनी त्याला घरच्या माणसांत बसवून घेतलं. दहाव्याचं बोलावणं घेऊन माणूस आमच्या दारात आला तेव्हा आम्हाला हे कळलं. जावं लागलं. माझ्या लुगड्याची घडी मोडली.

ऐकून झालं की शिकायचं. तेही आमच्याच डोक्यावर. आधी तोंडानेच. कपाशीला पाणी भरताना भुं, भुं-भुं. बैलांना वैरण टाकताना भुं. एकदा तो सकाळभर एकाच सरीत पाणी सोडून उभा राहिला. कुठल्या तरी वळणावर अडला होता म्हणे. पाणी बांध फोडून शेजाऱ्याच्या शेतात गेलं आणि शेजारी बांध सोडून आमच्या ओट्यावर आला.

मग पाचोऱ्याचा एक बँड मोडला, त्यांचा जुना भोंगा याने आणला. एसटीतून. कंडक्टर ओळखीचा, पण तोही दचकला.

"नाना, हे माणूस आहे का सामान?"

"वाजंतर आहे."

"जागा तर माणसाची घेतंय," म्हणून त्याने भोंग्याचं अर्धं तिकीट फाडलं. गाडीला गर्दी होती. एका बाईने आपलं बोचकं भोंग्याच्या तोंडात ठेवलं. नशिराबाद आलं तरी ते निघेना. शेवटी ती बाई, बोचकं आणि भोंगा तिन्ही आमच्या घरी आली. मी तेल लावून बोचकं काढलं, बाईला चहा दिला आणि पुढच्या गाडीत बसवलं. सुकलाल भोंगा पुसत बसला होता.

भोंगा कापसाच्या खोलीत राहायला लागला. ती खोली त्याच्या घराला लागून, मधे एक भिंत. आमची चूल तोवर वेगळी झाली होती, पण अंगण एकच होतं, त्यामुळे सुटका नव्हती. रोज दुपारी, जेवणं झाली की भुं सुरू. म्हैस पान्हा चोरायला लागली. समोरच्या घरातली पोरं परीक्षेला नापास झाली तीही भोंग्यामुळे, असं त्यांच्या आईचं म्हणणं.

जळगावला स्टँडजवळ कॅसेटचं एक दुकान होतं. तिथे याने गोऱ्या लोकांचे बँड शोधून काढले. दुकानदारही असलं गिऱ्हाईक मिळालं म्हणून वाजवून दाखवायचा. हा घरी येऊन मला सांगायचा, "चौघंच असतात, वहिनी. एक जण तर फक्त खालचीच चाल वाजवतो, जाड तारांच्या गिटारीवर. त्याला बेस म्हणतात. किती किती बँड आहेत, अन् प्रत्येकाची खालची चाल निराळी!"

"नवरदेव कुठी असतो त्यांचा?"

"नवरदेव नसतो."

"मग वाजवतात कशाले?"

"तेच मी दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, असंच."

ते 'असंच' पुढे महिनाभर आमच्या कापसाच्या खोलीतून ऐकू येत होतं.

या सगळ्यात त्याची बायको विमल हूं की चूं करायची नाही. दुसरी एखादी असती तर भोंगा घेऊन माहेरी गेली असती, किंवा भोंगा ठेवून. ही दुपारी दाणे निवडायला घ्यायची आणि नेमकी त्याच भिंतीला पाठ लावून बसायची. गावात तिला शिष्ट म्हणायचे. बायकांनी रस्त्यात हाक मारली तरी वळून पाहायची नाही. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची, आणि हसून मान हलवायची. माझ्या हाकेला मात्र पहिल्या झटक्याला 'ओ' द्यायची. मला वाटायचं, थोरल्या जावेचा धाक आहे, बरं आहे.

त्यांना एकच मुलगी, शोभा. तिला धुळ्याचं स्थळ आलं. कापसाचे मोठे शेतकरी, घर भरलेलं, मुलगा निर्व्यसनी. आम्ही सगळे हरखलो. बैठकीत देण्याघेण्याचं, मानपानाचं बोलणं झालं. शेवटी व्याही म्हणाले, "पोरगीना बापले काही सांगनं शे का?" आबांनी सुकलालकडे असं पाहिलं की दगड असता तर समजला असता.

सुकलालने घसा खाकरला. "बँड कोणता आणाल?"

"धुळाना. बठ्ठास्मा मोठा." म्हणजे सगळ्यांत मोठा.

"त्यात भोंगा आहे?"

"शे ना."

"नक्की?"

व्याही हसले. त्यांना वाटलं, माणूस हौशी आहे. पुढे हा स्वतः धुळ्याला जाऊन तो बँड ऐकूनही आला. "पास आहे," असं मला येऊन सांगितलं, जसं काही लग्न भोंगेवाल्याशी लावायचं होतं.

आणि लग्नाच्या दिवशी वरात आली ती निराळ्याच बँडाची. हातगाडीवर कॅसिओ, गाडीच्या टोकाला पत्र्याचे कर्णे आणि त्यातून टिटवी किंचाळल्यासारखं गाणं. पुढे ढोल-ताशे होते, पण भोंगा नव्हता. सुकलालने वरातीच्या मागेपर्यंत जाऊन पाहिलं. मग व्याह्यांना गाठलं.

"भोंगा कुठी आहे?"

"अहो, आते हाई नवी फॅशन शे. तो जुना बँड कोण आणस आते?"

सुकलालचा चेहरा उतरला. एवढ्या मोठ्या माणसाचा चेहरा एवढ्याशा गोष्टीवरून उतरावा याचा मला राग आला. तो माझ्याजवळ आला, "वहिनी, आलोच," म्हणाला आणि गेला. मला वाटलं, बट्ट्या तळायला सोडल्या का ते पाहायला गेला असेल. तो कुठे गेला ते वर सांगितलंच आहे.

तर अंतरपाट धरलेला, बाप नाही, आणि व्याह्यांचा पारा चढलेला. "आम्हले काय समजनात? आमनी इज्जत नही का?" त्यांचे भाऊ मागून म्हणाले, "चला रे बठ्ठा परत!" काही जणांनी चपला शोधायला सुरुवातही केली. अंतरपाटाआड शोभा उभी होती. वरात परत गेली असती तर त्या पोरीला पुढे कोण उभं करणार होतं? आबा खांबाला धरून उभे होते.

मी आत गेले. आमच्याकडे लग्न लागताना नवरीची आई मांडवात थांबत नाही. ती आत बसते, आणि बाहेर वाजंत्री एकदम उसळली की तिने समजायचं, अक्षता पडल्या, लेक परक्याची झाली. मग तिने ओवाळायचं ताट घेऊन बाहेर यायचं. विमल माजघरात ताट पुढ्यात घेऊन बसली होती.

"तुझा नवरा कुठी आहे?" मी विचारलं.

"येतील, अक्का," ती म्हणाली. आणि मग माझ्या तोंडाकडे पाहत विचारलं, "अक्षता पडल्या का?"

माझं डोकं फिरलं. बाहेर व्याही ओरडतोय, कॅसिओ किंचाळतोय, माणसं परत निघालीत. मी म्हटलं, "एवढा गोंधळ चालला आहे, तुले ऐकू येत नही का?"

"नही येत," ती म्हणाली.

तिने ते इतकं साधं सांगितलं की मी तिच्यासमोर खालीच बसले.

शोभाच्या वेळी बाळंतपणात तिला ताप आला होता, तेव्हापासून. आधी पाखरं गेली, मग बांगड्या, मग पोरीचं रडणं. बारीक आवाज सगळे गेले, जाड तेवढे राहिले. सासूला कळलं असतं तर तिने माहेरी पोचवली असती, म्हणून नवरा-बायकोने कोणाला सांगितलं नाही. आणि आता धुळ्याच्यांना कळलं असतं तर ते म्हणाले असते, आई बहिरी, उद्या मुलगीही होईल.

"अगं, पण माझं तर ऐकतेस तू!"

"तुमचं येतं ऐकू," विमल म्हणाली. "म्हशीचं येतं. ट्रकचं येतं. अन् यांच्या भोंग्याचं."

मला तिने कुठल्या रांगेत बसवलं याचा विचार करायला तेव्हा वेळ नव्हता.

"म्हणजे तो भिंतीपलीकडे वाजवतो ते—"

"माझ्यासाठीच. ढोल म्हणजे नुसता ठोका, त्याच्यातून काही कळत नही. यांच्यातून गाणं कळतं. पण मले तेच तेच वाजवलेलं आवडत नही, अक्का. एक चाल जुनी झाली की मीच म्हणते, आता दुसरी आणा."

इतकी वर्षं केळीचे ट्रक, फुटलेले बांध, परक्याचा दहावा, सगळं आम्ही सुकलालच्या नावावर मांडत होतो. आणि त्याला गावोगाव पिटाळणारी ही भिंतीआड दाणे निवडत बसली होती! मला दोन शब्द सुनवायचे होते. पण ती ताटातली निरांजनं पुन्हा पुन्हा सारखी करत होती.

"आज भोंगा नही," ती म्हणाली. "मग मले कसं कळणार, लागलं म्हणून?"

मी उठले आणि मांडवात गेले.

आमच्यात भटजींची मंगलाष्टकं झाली तरी घरच्या बायका आपली रचलेली म्हणतात, त्यात सगळ्या नातलगांची नावं घालतात. ती म्हणून होईपर्यंत कोणी हलत नाही, कारण पुढच्या ओळीत आपलं नाव येईल अशी प्रत्येकाला आशा असते. मी भटजींना म्हटलं, "आधी आमची होऊ द्या," आणि व्याह्यांच्या पुढ्यात उभी राहून सूर लावला. मी जन्मात कधी गायले नव्हते. पहिल्या ओळीलाच घोडा बिथरला.

धुळे शहरी व्याही थोर, कापूस ज्यांचा पांढरा,
शेजारी उभे त्यांचे बंधू, फेटा शोभे केशरा...

बंधूंनी शोधलेली चप्पल खाली ठेवली. मग मी त्यांच्या काकांना घेतलं, काकूंना घेतलं, तीन मावश्यांना घेतलं, नवरदेवाच्या आतेभावाच्या ट्रॅक्टरलाही एक चरण दिला. यमक जुळलं तर जुळलं. जुळलं नाही तिथे 'सावधान' म्हणून पुढे गेले. माणसं घामाने निथळत उभी होती, पण ज्याचं नाव व्हायचं बाकी तो जागचा हलत नव्हता. ज्याचं झालं त्याला हसू लपवता येत नव्हतं. धुळ्याची नावं संपली तेव्हा मी आमच्या गावाची सुरू केली. भटजी माझ्याकडे हात जोडून पाहत होते.

आणि गोठ्याच्या बोळातून एक सायकल आली. सायकल ढकलत सुकलाल, वर बसलेला हुसेनभाई, आणि हुसेनभाईच्या गळ्यात भोंगा. हा धरणगावकडचा जुना भोंगेवाला. खालच्या अंगाचं लग्न लागून त्यांचा बँड जेवायला बसला होता. सुकलालने त्याला ताटावरून उठवून आणलं होतं. घरात स्वतःचा भोंगा होता, पण तो वाजवायला गेला असता तर कन्यादानाला कोण बसलं असतं?

"अरे भाभी, क्या गाती हो!" हुसेनभाई मला म्हणाला. "आधे रास्ते से सुनाई दिया." त्याच्या मिशीला अजून वरण लागलेलं होतं.

सुकलालने त्याला बोळातच, माजघराच्या भिंतीशी उभं केलं, आणि धापा टाकत मांडवात येऊन उभा राहिला. व्याही त्याला काही बोलणार तेवढ्यात मी भटजींना म्हटलं, "चला, उरका." त्या बिचाऱ्याने एका श्वासात उरकलं. अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या, ढोल वाजला, कॅसिओ किंचाळला, आणि त्या सगळ्याच्या खाली, बोळातून, भोंगा सुरू झाला. मला त्यातलं काही कळत नाही, तेव्हाही कळलं नाही. पण मी ज्या लाकडी खांबाला टेकले होते तो आतून हलत होता.

सगळा मांडव नवरा-नवरीकडे पाहत होता. सुकलाल दाराकडे पाहत होता.

कोणी हाक मारली नव्हती, कोणी आत निरोप घेऊन गेलं नव्हतं. विमल ताट घेऊन उंबऱ्यात आली. निरांजनं पेटवलेली होती. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे गेली.

व्याही रुसायचे ते रुसलेच. पंगतीत बट्टी मोडेनात. आबांनी हात जोडले, मी जोडले नाहीत. मी त्यांना वाढता वाढता म्हटलं, "अण्णा, तुमचं नाव मी पहिल्या ओळीत घातलं होतं." ते म्हणाले, "ते मातर झकास जमनं," आणि वांग्याची भाजी पुन्हा मागून घेतली.

पाठवणी झाली. संध्याकाळी अंगणात मोठी पातेली घासायला काढली होती, तेव्हा मी सुकलालला धरलं.

"इतकी वर्षं मले का नही सांगितलं?"

"तुमच्या कानात सांगितलं असतं, वहिनी," तो म्हणाला, "अन् तुम्ही फक्त 'हो का?' म्हटलं असतं, तरी गल्लीले कळलं असतं."

मी पातेलं घासत राहिले. तोही तिथेच रेंगाळला. मग त्याच्या त्या बारीक आवाजात म्हणाला, "माझं बोलणं तिले पोचत नही. ओठ हलताना दिसतात तेवढे. मग पोचेल असं काही तरी शिकावं लागलं."

मी म्हटलं, "ते पातेलं पालथं घाल."

पुढे बँडांतून भोंगे निघूनच गेले. सगळीकडे कॅसिओ झाले. सुकलाल आणखी लांब जायला लागला, कोणी सांगितलं तर मालेगाव, कोणी सांगितलं तर बऱ्हाणपूर. आबांनी त्याला विहिरीत टाकायची भाषा शेवटपर्यंत सोडली नाही, कारण त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. मग सुकलालच्या छातीत पाणी झालं. जळगावच्या डॉक्टरांनी फुंकायला बंदी केली. तो दवाखान्यातून आला त्याच दुपारी कापसाच्या खोलीतून भुं ऐकू आलं, थोडंसं आलं आणि थांबलं, पुन्हा आलं. मी गेले नाही भांडायला.

त्या पावसाळ्यात तो गेला. विमल किती रडली ते मी पाहिलं नाही, घरात माणसं भरली होती आणि मला सगळ्यांचं करायचं होतं. भोंगा हुसेनभाईचा मुलगा घेऊन गेला.

शोभा धुळ्याला सुखात आहे. तिचे कान शाबूत आहेत. येते तेव्हा आईशी बोलताना आवाज जाड काढते. लहानपणीही काढायची, मला वाटायचं लाडात येते. बाकीची माणसं विमलशी ओरडून बोलतात, पण बारीकच ओरडतात, तिला त्यातलं काही कळत नाही. मी वरचेवर तिच्या ओट्यावर जाऊन बसते आणि नळाला पाणी आलं, भाजी महागली, कोणाची सून कोणाशी भांडली ते सगळं सांगते. गल्लीलाही त्याच वेळी कळतं, त्याला इलाज नाही.

आबा गेले. धुळ्याचे व्याही गेले, ते भटजी गेले, हुसेनभाई गेला, सुकलाल गेला. त्या दिवशी ज्या दोघी माजघरात समोरासमोर बसलो होतो, त्या तेवढ्या आहोत.